खाडीत बुडालेली बोट: उतरायचं कधी आणि थांबायचं कुठे

कुडाळच्या एका तरुणाने विचारलंय. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स केला, आतापर्यंत अकरा डाइव्ह झाल्या, सगळ्या समुद्रात. मित्राच्या काकांची पर्यटकांना फिरवणारी दुमजली फायबरची बोट पावसाळ्यात खाडीत नांगरावर असतानाच पाणी भरून बुडाली. सुदैवाने आत कोणी नव्हतं. भरतीला तिथे सात मीटर पाणी असतं, ओहोटीला वरच्या छपराचा दांडा हातभर पाण्याखाली दिसतो. केबिनमध्ये काकांच्या वडिलांच्या जुन्या मचव्यावरची पितळी घंटा आहे. रविवारी जेवून दोनच्या सुमारास दोघांनी उतरायचं, बोट बघायची, जमलं तर घंटा काढायची. डायव्हरच्या कार्डावर अठरा मीटरची मुभा आहे, इथे जेमतेम सात, मग अडचण काय?

या रविवारी उतरू नका. का नको आणि कधी जमेल, ते सांगतो. एकवीस वर्षं मालवण आणि आसपासच्या खाड्यांमध्ये पाण्याखालची कामं करतोय: पंख्यात अडकलेली जाळी कापणं, जेटीचे खांब तपासणं, पडलेली इंजिनं शोधणं, आणि पोलिसांचा फोन आला की माणसं शोधणंही. सातआठ मीटरच्या बुडालेल्या बोटींवर बरेचदा गेलोय. समुद्रात वीस मीटरवर मला जेवढं निवांत वाटतं, तेवढं या सात मीटरवर कधीच वाटलेलं नाही.

रविवारी पौर्णिमा आहे. आपल्याकडचा जुना हिशेब तुम्हालाही ठाऊक असेल, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा. त्या सुमारास भरती पुरी होणार आणि साडेपाचच्या आसपास ओहोटी. तुम्ही दोनला उतरायचं म्हणताय, म्हणजे बरोबर मधल्या वेळेला. भरती-ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारखं हलत नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात ते थोडंसंच सरकतं आणि मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी जातं. त्यात उधाणाचे दिवस. थोडक्यात, पंधरवड्यातली सगळ्यात जोराची ओढ तुम्ही नेमकी निवडली आहे, आणि ती ओढ समुद्राकडे आहे. सुटलात तर खाडीच्या मुखाशी, वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात तिथे बाहेर पडाल.

एक नॉट म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. ऐकायला काहीच वाटत नाही, पण सिलिंडर आणि बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगायचं जॅकेट, अंगावर असताना त्याच्याविरुद्ध तगडा माणूसही फार वेळ फिन्स मारू शकत नाही. शिवाय वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. समुद्रात ओढ लागली तर आपण तिच्यासोबत वाहत जाऊ शकतो. बुडालेल्या बोटीपाशी तशी मोकळीक नसते, कारण ओढ तुम्हाला बोटीवर नेऊन दाबते, रेलिंगच्या आत ढकलते, छपराखाली सारते.

म्हणून खाडीतल्या कामाला भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी सौम्य असते ते दिवस. अष्टमीला भरती-ओहोटीतला फरक कमी होतो आणि त्यानंतर एक-दोन दिवसांत तो सगळ्यात कमी असतो. त्यात मी वद्य वा शुद्ध दशमी धरतो. एक कारण ओढीचं आणि दुसरं उजेडाचं. अष्टमीची भरती सकाळी सहाला पुरी होते, तेव्हा पाण्याखाली अंधार असतो. दशमीची साडेसातला, सूर्य वर आलेला असतो आणि वारा अजून सुटलेला नसतो. या रविवारची पौर्णिमा धरली तर तुमची दशमी त्या रविवारनंतर दहा दिवसांनी, बुधवारी येते. रजा काढावी लागेल, काढा. मात्र हा हिशेब ढोबळ आहे. छापील भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, आणि तेही मुखावरच्या बंदराचं असतं हे लक्षात ठेवा. खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा थांबतं. पातळी वाढायची थांबली म्हणजे प्रवाह थांबला असंही नाही. आदल्या दोन दिवशी त्याच जागी होडी लावून बसा, पाण्यात नारळाची सोडणं टाकत राहा आणि ती वाहायची कधी थांबतात ते घड्याळात बघून लिहून ठेवा. माझ्यासोबत येणारे एक तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, आहेत, सत्तरीचे. ते हे पाण्याचा रंग बघून सांगतात. "पाणी रवाक लागला (थांबायला लागलं), आता जा," असं त्यांनी म्हटल्याशिवाय मी आजही उतरत नाही.

आता प्रश्न पाणी थांबण्याआधी उतरायचं की नंतर. मी भरतीच्या शेवटच्या अर्ध्या तासात उतरतो आणि पाणी थांबलं की वर येतो. काही बिनसलं तर उरलेली भरती मला खाडीच्या आत ढकलते, जिथे पाणी शांत आहे आणि किनारा जवळ आहे. पाणी थांबल्यावर उतरलात तर थोड्याच वेळात सुकती, म्हणजे ओहोटी, सुरू होते आणि ती बाहेर नेते. पूर्ण ओहोटीला उतरण्याचाही मोह होतो, पाणी कमी म्हणून. पण तेव्हा खाडीत नदीचा आणि कांदळवनातला सगळा गढूळपणा खाली उतरलेला असतो. भरतीला समुद्राचं त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी आत येतं.

स्वच्छ म्हणजे किती, तेही सांगतो. मालवणच्या समुद्रात चांगल्या दिवशी पाच-सहा मीटर दिसतं आणि लोक खूश होऊन परततात. खाडीत डिसेंबर ते मार्च, भांगाच्या भरतीला, मला दीड मीटर दिसलं तर मी तो दिवस चांगला समजतो. बरेचदा पसरलेल्या हाताची बोटं दिसत नाहीत. टॉर्च लावला तर समोर फक्त उजळ भिंत उभी राहते, धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावल्यासारखी. म्हणून टॉर्च छातीशी न धरता हात लांब करून बाजूने धरायचा, म्हणजे प्रकाश गाळावरून उलटून डोळ्यांत येत नाही. आणि हा दीड मीटरही पहिल्या पाच मिनिटांचा. बोटीवर बसलेला गाळ पिठासारखा बारीक असतो. एकदा फिन लागली की तो उठतो, आणि प्रवाह थांबलेला असल्यामुळे तिथेच तरंगत राहतो. जी शांतता तुम्ही शोधून काढलीत, तीच गाळ धरून ठेवते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणखी एक गोष्ट जाणवेल. पावसाचं गोडं पाणी अजून वरून वाहत असतं आणि समुद्राचं खारं पाणी जड म्हणून त्याच्या खाली शिरतं. दोन्ही जिथे भेटतात तिथे सरबतात साखर विरघळताना दिसते तसं सगळं थरथरतं, मास्क खराब झाला की काय असं वाटतं. खारं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास जड असतं. साहित्यासह तुमचं वजन शंभर किलो धरलं तर वरच्या थरात नीट तरंगायला जेवढं शिसं पुरतं, त्यापेक्षा अडीच किलो जास्त खालच्या थरात लागतं. समुद्रातला वेट बेल्ट तसाच लावून आलात तर वरच्या थरात दगडासारखे खाली जाल आणि खाली पोचल्यावर सावरता सावरता गाळ उठवाल. उतरण्याआधी काठाशी, कमरेएवढ्या पाण्यात दहा मिनिटं वजनासाठी द्या.

आता दोरीबद्दल, कारण न दिसणाऱ्या पाण्यात दोरी हाच रस्ता असतो. बोटीच्या वरच्या बाजूला, प्रवाह येतो त्या दिशेला, जड वजन टाकून त्याला सरळ उभी दोरी आणि वर बोया लावा. बोटीच्या रेलिंगला बांधू नका, फायबरमधून बोल्टसकट उपटून येतं. या दोरीला धरून उतरायचं आणि हिलाच धरून वर यायचं. दुसरी दोरी उतरणाऱ्याच्या छातीच्या पट्ट्याला बांधलेली आणि तिचं टोक होडीतल्या माणसाच्या हातात. त्या माणसाने फोन बघायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत, दोरी बोटांत खेळवत ठेवायची. आमच्या खुणा ठरलेल्या आहेत: एक ओढ म्हणजे ठीक, दोन म्हणजे दोरी सोड, तीन म्हणजे मी वर येतोय, चार आणि पुढे सारख्या म्हणजे मदत पाठव. दुसरा डायव्हर पूर्ण तयारीत, मास्क कपाळावर नाही तर गळ्यात, होडीच्या काठावर बसलेला. दोघे मित्र एकत्र खाली, वर कोणीच नाही, ही समुद्रातली पद्धत इथे चालत नाही. हातभर अंतरावरचा बडी, म्हणजे जोडीदार, दिसत नसेल तर तो तुमच्या उपयोगाचा नाही, आणि दोघांच्या दोऱ्या एकमेकींत गुंततात.

हे मी का इतकं रेटून सांगतोय? चौदा वर्षांपूर्वी पर्यटकांना फिरवणाऱ्या अशाच एका बुडालेल्या बोटीवर मी फक्त बघायला म्हणून उतरलो. दोरी न लावता, कारण पाणी सहा मीटरच होतं. छपराची ताडपत्री फाटून लोंबत होती आणि तिच्यावर कोणाची तरी कांडाळी, म्हणजे मासे धरायचं तंगुसाचं जाळं, अडकून राहिलेली होती. तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक धागा, पाण्यात दिसत नाही, स्वच्छ पाण्यातही नाही. मागे सिलिंडरच्या व्हॉल्व्हला काहीतरी लागल्यासारखं झालं, मी वळलो, आणि वळल्यामुळे ते आणखी गुंडाळलं गेलं. पुढे सरकता येईना, वर जाता येईना. सोबती दोन मीटरवर होता, त्याला काहीही कळलं नाही. शेवटी रेग्युलेटर, म्हणजे श्वास घेण्याचं तोंडातलं साधन, दातात घट्ट धरून बीसीडी अंगातून काढली, समोर घेतली, चाचपून एकेक धागा कापला. वर आल्यावर घड्याळ पाहिलं तर नऊ मिनिटं गेली होती, आणि त्या नऊ मिनिटांत मी एरवी वीस मिनिटांत घेतो तेवढी हवा संपवली होती. त्यानंतर मी बुडालेल्या कुठल्याही वस्तूवर दोरीशिवाय गेलेलो नाही. दोन कापायची साधनं असतात, एक लाइन कटर छातीवर, दुसरी जाड कात्री मांडीवर, दोन्ही कुठल्याही हाताने काढता येतील अशी. मोठा सुरा लोक हौसेने लावतात. तंगुसाच्या गुंत्यात तो उपयोगी पडत नाही, सुऱ्याला ताण लागतो आणि गुंता तर सैल असतो.

हवेचा हिशेब तुम्ही शिकलाच आहात, फक्त तो इथे लावून बघा. बारा लिटरचं सिलिंडर दोनशे बारला भरलं की चोवीसशे लिटर हवा. वर मिनिटाला अठरा लिटर लागत असेल तर सात मीटरवर, १.७ पट दाबाला, साधारण एकतीस. म्हणजे पंचाहत्तर मिनिटांच्या वर. पण ती हवा तीन भागांत वाटायची: एक जायला, एक यायला आणि एक न वापरता परत आणायला. उरली पंचवीस मिनिटं जाण्याची. घाबरल्यावर श्वास दुप्पट होतो, मग तीही नाहीत. प्रत्यक्षात पाणी थांबण्याची वेळच वीस-पंचवीस मिनिटांची असते. मी वीस मिनिटांवर होडीतून दोरीने खूण मागतो आणि खाली काहीही सापडलेलं असो, वर येतो.

सात मीटरवर वर येताना श्वास धरलात तर काय होतं हे कोर्सला सांगितलं असेल, तरी पुन्हा सांगतो. दाबातला सगळ्यात मोठा फरक पृष्ठभागाजवळच असतो. भरलेल्या फुप्फुसाने श्वास धरून दीड मीटरभर वर आलं तरी फुप्फुस फाटू शकतं. "उथळ आहे, एका दमात वर जाऊ" हा विचारच करायचा नाही. असं काही झालंच, तर दाबाच्या खोलीत उपचार करण्याची सोय मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहे. मालवणहून ते पाचशे किलोमीटर. तोपर्यंत माणूस ऑक्सिजनवर हवा, म्हणून होडीत ऑक्सिजनचा सिलिंडर असल्याशिवाय निघायचं नाही. अशा माणसाला घेऊन आंबोली किंवा गगनबावड्याच्या घाटाने वर कोल्हापूरकडे जाऊ नका, उंचीवर त्रास वाढतो. कोल्हापूर-पुण्याहून येणाऱ्या मंडळींनी एरवीही संध्याकाळी डाइव्ह करून रात्री घाट चढू नये, मुक्काम करावा.

आता तुमच्या बोटीकडे. बोट एकदा बुडाली की तशीच राहत नाही. प्रवाह तिच्या दोन्ही टोकांशी वाळू खणत राहतो, खड्डा पडतो, बोट त्यात कलते, पुढच्या उधाणाला आणखी कलते. दुमजली बोट वर जड असते, तिचं कलंडणं अचानक होतं. म्हणून ओहोटीला दिसणारा तो दांडा रोज त्याच जागी, त्याच कोनात दिसतो का, हे काकांना आठवडाभर बघायला सांगा. हलत असेल तर कोणीही खाली जायचं नाही.

स्थिर असेल आणि बुधवारी सगळं जुळून आलं, तर बाहेरून तिला एक फेरी घाला. डावा हात बोटीवर, उजवा पुढे. जाड हातमोजे घाला. दोन-तीन महिन्यांत रेलिंगवर कालवं धरतात आणि ती ब्लेडसारखी कापतात. फुटलेल्या फायबरच्या कुसळांचंही तसंच. इंजिनाखालच्या पोकळीत हात घालू नका, तिथे हेकरू मासा किंवा चिंबोरी घर करून असते, आणि शेंगटी माशाचा काटा लागला तर दिवसभर ठणका मारतो. एवढं सांभाळलंत तर ही फेरी विसरणार नाही. हाताखाली नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, येते, मग खिडकीची चौकट, मग बाकाची कड जिथे कधीतरी स्वतः बसलेलो असतो. डोळ्यांनी न बघता हाताने बोट ओळखू यायला लागते. मला या कामात आजही सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

केबिनमध्ये जायचं नाही. दार उघडं असलं तरी, घंटा हाताच्या अंतरावर दिसली तरी. समुद्रात मुद्दाम बुडवलेल्या जहाजाची गोष्ट निराळी. जानेवारी २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेलं आयएनएस गुलदार सिंधुदुर्गातल्या निवतीजवळ पाण्याखाली ठेवण्याची योजना आली, तेव्हा अनेकांना वाटलं की जहाज नुसतं नेऊन बुडवायचं. अशा जहाजातून आधी तेल, तारा, सुटं सामान, दारं काढायची असतात आणि आतून बाहेर पडायला मोठे रस्ते कापायचे असतात. तुमची बोट जशी होती तशी गेली आहे. आत लाइफ जॅकेटं आणि गाद्या छताला जाऊन चिकटलेल्या असणार, तारा लोंबत असणार, बॅटरी, डिझेल, कदाचित चहाच्या शेगडीचा सिलिंडर. छताखाली हवेचा कप्पा सापडला तर मास्क काढून तिथे श्वास घेऊ नका. कुजणाऱ्या गोष्टी त्यातला ऑक्सिजन संपवतात आणि विषारी वायू सोडतात. बंद जागेत शिरण्याचं प्रशिक्षण वेगळं असतं, ते तुम्ही घेतलेलं नाही. आधी गोव्याला ग्रँड आयलंडजवळच्या सुझीज रेक या बुडालेल्या जहाजावर जाऊन या. तेही बाहेरून.

परवानगी लागते. बोट बुडाली तरी ती काकांच्या आणि विमा असल्यास विमा कंपनीच्या हिशेबातली मालमत्ता आहे. बंदर निरीक्षकांना आणि पोलिस ठाण्याला लेखी कळवा, आणि फेऱ्या मारणाऱ्या होडीवाल्यांना वेळ सांगून ठेवा. वरून जाणारा पंखा हा खाडीतला मोठा धोका आहे. मे २०२२ मध्ये तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, तेव्हापासून प्रशासनही अशा बाबतीत काटेकोर आहे आणि ते बरंच आहे. पावसाळ्यात आणि मोठ्या पावसानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत तर उतरूच नका, लेप्टोचा ताप आपल्याकडे काय करतो ते घरोघरी माहीत आहे.

मग घंटा कशी काढायची? ज्या उधाणाला मी तुम्हाला उतरू नका म्हटलं, त्याच उधाणाने. भांगाच्या दिवशी जाणत्या डायव्हरने बोटीखालून दोन जाड पट्टे ओवून ठेवायचे. मग पौर्णिमा-अमावास्येला, पूर्ण ओहोटीच्या वेळी, ते पट्टे दोन बाजूंच्या दोन मोठ्या होड्यांना किंवा बंद पिंपांना ताणून बांधायचे आणि बाजूला होऊन थांबायचं. दोनशे लिटरचं रिकामं पिंप स्वतःचं वजन जाऊन पावणेदोनशे किलोच्या आसपास उचलतं. फायबर पाण्यात निम्म्याहून हलकं होतं, लाकूड जवळजवळ काहीच भरत नाही, जड राहतं ते इंजिन. चिखलाची पकड मात्र असते, ती सुटायला वेळ लागतो, म्हणून घाईने ओढायचं नाही. मालवणकडे उधाणाला दोन मीटरच्या आसपास पाणी चढतं. बोट तळापासून सुटली की भरतीसोबत काठाकडे न्यायची, ओहोटीला टेकू द्यायची, पट्टे आखडून पुढच्या भरतीला पुन्हा. तीन-चार भरत्यांत ती अशा जागी येते की ओहोटीला केबिनचं दार उघडं पडतं आणि गुडघाभर पाण्यातून चालत आत जाता येतं. ताणलेल्या दोऱ्यांच्या रेषेत कोणी उभं राहू नये आणि त्या काळात पाण्याखाली कोणीही नसावं.

घंटा हातात आली की लगेच घासू नका, चिंचही लावू नका. गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, दोन आठवडे तरी. आतला लोलक लोखंडी असेल तर तो सोडवून वेगळ्या बादलीत ठेवा.